पापांच्या प्रवेशाचा अर्ज

"सोमवारी दहा वाजता बोलावलंय," आई म्हणाली आणि तिने माशाच्या रश्श्याचं भांडं कोबिनाकडे सरकवलं. "तुमच्या वडिलांना शुश्रूषागृहात ठेवायचं ठरवलंय मी. एल्मिनाच्या रस्त्याला, टेकडीवर. चर्चच्या सिस्टर लोक चालवतात. मी खोली बघून आलेय."

शनिवारची दुपार होती. तिनेच सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. अराबा ताकोराडीहून आली होती, कोबिना कुमासीहून, आणि वडिलांचे, म्हणजे पापांचे, धाकटे भाऊ अमिसा काका चार गल्ल्या ओलांडून. धाकटी अज्वा इंग्लंडात होती. तिचा चेहरा फोनमध्ये होता आणि फोन पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला होता. पापांना आधीच जेवू घालून आईने व्हरांड्यात बसवलं होतं, काळा कोट आणि टाय घालून.

अराबाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने केंकीच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या, गोळ्यावरचं पान सोलायला घेतलं होतं, ते तसंच बोटांत राहिलं.

"काय म्हणालीस?" कोबिनाने विचारलं.

"ऐकलंस तू."

"नाही, परत म्हण. काकांसमोर म्हण."

"काका समोरच बसलेत." आई काकांकडे वळली. "भावोजी, आणखी मासा घ्या."

अमिसा काकांनी ताट दूर सारलं. गेली नऊ वर्षं ते घराण्याचे प्रमुख होते. कुणाचं लग्न, कुणाचं दफन, कुणाची जमीन, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. ते रागावले की आवाज खाली यायचा.

"वहिनी, माझा भाऊ माझ्या आईच्या पोटचा आहे. तुमचा नवरा तो नंतर झाला. आमच्या रक्ताचं माणूस परक्यांच्या छपराखाली मरायला सोडायची रीत आमच्यात नाही."

"मरायला नाही, जगायला पाठवतेय."

"आणि आम्ही काय मेलोय?" कोबिना उठून उभा राहिला. "मी कुमासीत काय सांगू लोकांना? चर्चमध्ये काय सांगू? क्वेकू एसिल्फी! एकतीस वर्षं या गावच्या हायकोर्टात दुभाष्या होता तो माणूस. न्यायाधीश बदलले, पापा नाही बदलले. अजून रस्त्यात लोक टोपी काढतात. आणि त्याची बायको त्याला गाठोड्यासारखं उचलून—"

"कोबिना, बस खाली," अराबा म्हणाली. पण तिच्या आवाजात दम नव्हता, कारण तिलाही हेच म्हणायचं होतं. गेल्या रविवारीच ती येऊन गेली होती. पापा व्हरांड्यात बसले होते, तिला बघून हसले होते. तिचं नाव आठवलं नव्हतं, पण "बसा, बाई, बसा" असं अगदी सभ्यपणे म्हणाले होते. ते विसरतात, हे खरं होतं. कधी शर्ट उलटा घालतात, कधी जेवल्यावर पुन्हा जेवण मागतात. पण एवढ्यासाठी कुणी माणसाला घराबाहेर काढतं?

"आई, कारण तरी सांग," ती म्हणाली.

"दमले मी."

"मग मदतीला बाई ठेवू. मी बघते. आमच्याकडे कामाला असते तिची बहीण आहे—"

"बाई नको."

"का?"

"नको म्हणतेय ना."

फोनमधून अज्वाचा आवाज आला. "माझं मत आईच्या बाजूने धरा."

कोबिना फोनकडे असा वळला, जणू त्याला आता खरा गुन्हेगार सापडला. "तुला काय जातंय म्हणायला! तिकडे गोऱ्यांचे म्हातारे धुण्यात तुझा जन्म चाललाय. तुझ्यासाठी ते रोजचंच आहे. आपला बापसुद्धा त्यातलाच एक, नाही का?"

"हो, धुते मी," अज्वा म्हणाली. "सकाळी सहा वाजल्यापासून धुते. म्हणूनच सांगते. तू एकदा तरी पापांना आंघोळ घातलीयेस? नाही ना? मग आईला शिकवू नकोस. आई, तुला काही झालंय का? खरं सांग."

"मला काय होणार? तुझी कामाची वेळ झाली असेल. ठेव फोन." आणि आईने स्वतःच बटण दाबून लेकीला गप्प केलं.

त्या क्षणी अराबाचा तोल गेला. पुढे कित्येक दिवस तिला ते वाक्य आठवून अंगावर काटा यायचा, पण तेव्हा ते सहज तोंडातून निघालं.

"त्यांच्या जागी तू असतीस तर पापांनी तुला असं नेऊन टाकलं असतं?"

आईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणी फार लांबून हाक मारावी आणि ती कुणाची ते ओळखू येऊ नये, तसं. मग ती उठली आणि ताटं गोळा करू लागली. इतक्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातलाय, हे अराबाने पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

"सोमवारी मी येणार," अमिसा काका काठी टेकत उठले. "तिथल्या सिस्टरला घराण्याचा निर्णय मी सांगेन. मग बघू कोण कुणाला ठेवून घेतंय."

"मीही येणार," कोबिना म्हणाला. त्या रात्री त्याने आईच्या घरी झोपायचं नाकारलं आणि तो काकांकडे गेला. अराबाला रविवारी गोठवलेल्या माशांचा माल उतरवून घ्यायचा होता, म्हणून ती संध्याकाळच्या गाडीने ताकोराडीला परतली. निघताना पापांनी उठून तिच्यासाठी फाटक उघडलं. आई दारातच उभी होती, पापांपासून बरीच लांब.

*

सोमवारी अराबा थेट टेकडीवरच गेली. मुख्य सिस्टरचं नाव पाउलिना देरी. उत्तरेकडची, 'वा' नावाच्या गावची, उंच, चष्मेवाली बाई. किनाऱ्यावर येऊन तिला दोनच वर्षं झाली होती. तिची फांटी भाषा 'या, बसा, जेवलात का' याच्या पुढे जात नव्हती. आईची इंग्रजी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे जात नव्हती. खोली बघायला आई आली होती तेव्हा दोघींनी खुणांवरच भागवलं होतं.

पापा मधल्या खुर्चीत ताठ बसले होते. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. खिशात दोन पेनं. मुलाखतीला आलेला माणूस वाटावा असे. त्यांच्या एका बाजूला कोबिना, दुसऱ्या बाजूला काका. आई भिंतीजवळच्या बाकावर, सगळ्यांत लांब.

काकांनी सुरुवात केली. इंग्रजी त्यांना बेताचीच येत होती, पण त्यांनी ती पाठ करून आणली होती. "मी या माणसाचा भाऊ. घराण्याचा प्रमुख. घराण्याची परवानगी नाही. संपलं."

"तुमचं म्हणणं मी लिहून घेते," सिस्टर शांतपणे म्हणाली. "पण अर्ज बाईंचा आहे. रोज त्यांच्याबरोबर कोण राहतं? बाईच ना? मग आधी त्यांना विचारावं लागेल. आमचा तसा नियम आहे." तिने छापील कागद पुढे ओढला आणि आईकडे पाहत इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला यांना इथे का ठेवायचंय? घरी काय अडचण येते?"

अराबा आईकडे वळली. "आई, त्या विचारतायत—"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पापा उभे राहिले होते.

त्यांनी कोटाचं बटण लावलं. दोन पावलं चालून ते टेबल आणि बाक यांच्या बरोबर मधोमध जाऊन थांबले, हात पाठीमागे बांधून, मान जराशी झुकवून. अराबाने लहानपणी शाळा सुटल्यावर कोर्टाच्या खिडकीतून पाहिलेले तेच पापा. आईकडे तोंड करून ते खणखणीत फांटीत म्हणाले, "बाई, तुम्हाला विचारण्यात आलंय, या माणसाला इथे का ठेवायचंय? घरी काय अडचण येते? सावकाश बोला. एका वेळी एक वाक्य. मी सांगतो."

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून इतकी लांब, सरळ वाक्यं कुणी ऐकली नव्हती. कोबिनाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "बघितलंत?" तो सिस्टरला म्हणाला. "आहे का यांना काही? बघा ना!"

आई नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिने कमरेच्या कापडाच्या टोकाने हात पुसले आणि बोलायला लागली. नजर मात्र तिने त्यांच्या टायच्या गाठीवर ठेवली.

"सकाळी उठल्यावर ते मला ओळखत नाहीत."

"सकाळी उठल्यावर तो मला ओळखत नाही," पापांनी इंग्रजीत सांगितलं.

अराबाला तो नियम ठाऊक होता. जेवताना पापांनीच तो मुलांना कितीदा सांगितला होता. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'तो असं म्हणतो' असं सांगायचं नाही, त्याचेच शब्द जसेच्या तसे बोलायचे.

"घरात चोर शिरलाय असं त्यांना वाटतं," आई म्हणाली. "माझी बायको कुठेय, तू कोण, म्हणून विचारतात."

"त्याला वाटतं, घरात चोर शिरलाय. तो विचारतो, माझी बायको कुठे आहे, तू कोण."

"ईस्टरच्या आठवड्यात पहिल्यांदा मारलं. पितळी झाकणाने."

कोबिनाचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं. ते काढून घ्यायचं त्याला सुचलं नसावं. पापांनी ते वाक्य इंग्रजीत ठेवलं, शब्दाला शब्द, स्पष्ट उच्चारांत. आणि पुढच्या वाक्यासाठी मान झुकवून वाट बघत राहिले.

"आई!" अराबाच्या तोंडून निघालं.

"साक्षीदाराला बोलू द्या," पापा तिच्याकडे न बघता म्हणाले.

आता आई थांबेना. जणू तिला इतके महिने याच माणसाशी हे बोलायचं होतं, आणि आज पहिल्यांदा तो ऐकत होता. "मग आठवड्यातून एकदा. मग रोजच. मी लवकर उठून बाहेर जायला लागले, ते पूर्ण जागे झाले की परत यायचं. दुपारी बरे असतात. कुणी आलं की अगदी बरे असतात. गेल्या महिन्यात मी गरम पाणी घेऊन आत गेले, तर त्यांनी दोन्ही हातांनी माझा गळा धरला. मी हाक मारू शकले नाही. बाहेर शेजारणीच्या बकरीने बादली पाडली. आवाज झाला, म्हणून ते वळले. म्हणून मी आहे."

पापांनी तुकड्या-तुकड्याने सगळं सांगितलं. पाणी, बकरी, बादली. एके ठिकाणी ते अडले. त्यांनी डोळे मिटले, बोट वर केलं आणि स्वतःलाच दुरुस्त केलं. "'माझा गळा आवळला' नाही. माफ करा. साक्षीदार म्हणते, 'माझा गळा धरला.' तेवढंच लिहा."

आईने बाहीचं बटण सोडलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. अराबाने पाहिलं. काही डाग पिवळे पडले होते. काही ताजे होते. दर दुसऱ्या रविवारी ती या घरी येत होती. याच हातांनी वाढलेलं जेवत होती.

सिस्टर पाउलिनाचं पेन थांबलं होतं. समोर हात बांधून उभा असलेला हा नीटनेटका म्हातारा आणि बाकावरच्या बाईचा हात, या दोहोंचा मेळ तिला लागेना. घरात आणखी कुणी पुरुष राहतो की काय, असं तिला वाटलं असावं. ती जवळजवळ ओरडलीच, "कोण? हे कोणी केलं? त्या माणसाचं नाव काय?"

पापा आईकडे वळले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. भेदरलेल्या साक्षीदारांशी बोलायचा त्यांचा तो आवाज सगळ्या गावाला माहीत होता.

"बाई, कोर्ट त्या माणसाचं नाव विचारतंय. घाबरू नका. इथे तुम्हाला कोणी काही करू शकत नाही. फक्त नाव सांगा."

छतावरचा पंखा फिरत होता. कोबिनाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

आईने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारातला नवरा, आणि त्याच्या डोळ्यांत तिच्याविषयी अनोळखी माणसाची निर्मळ कणव.

"नाव मी सांगणार नाही," ती म्हणाली.

पापा सिस्टरकडे वळले. "साक्षीदार नाव सांगायला तयार नाही."

मग ते खुर्चीत बसले, रुमालाने कपाळ पुसलं आणि पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ते आपण कुठे आहोत हे विसरून गेले होते. पेला हातात धरून त्यांनी कोबिनाला विचारलं, "तुम्हीही साक्षीलाच आलात का?"

कोबिना उठून बाहेर गेला. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन तो कठड्यावर वाकला. त्याला उलटी झाल्याचं आतपर्यंत ऐकू आलं.

अमिसा काका हलले नव्हते. त्यांच्या खांद्यावरचं वस्त्र घसरून कोपरावर आलं होतं. चारचौघांत ते कधीच असं घसरू देत नसत. बऱ्याच वेळाने त्यांनी ते वर घेतलं आणि अराबाला म्हणाले, "सिस्टरला विचार, घराण्याची सही कुठे करायची."

*

खोली पूर्वेकडची होती. खाटेशेजारी खिडकी, खिडकीतून नारळीची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. दोन धिप्पाड सेवक होते. त्यातला एक कोर्टापाठच्या गल्लीतला निघाला. "मास्टर एसिल्फी!" म्हणत त्याने त्यांचा हात हातात घेतला आणि पापा खूश झाले. सिस्टरने अराबाला सांगितलं, सकाळी कुणी एकट्याने आत जायचं नाही, दोघांनी जायचं, आधी दारातून आपलं नाव सांगायचं. डॉक्टर बुधवारी येतील, औषध बघतील. अशी माणसं आधीही आली होती. ती वाईट माणसं नसतात, असंही ती म्हणाली. अराबाने मान हलवली. तिला नीट ऐकूच येत नव्हतं.

आईने पिशवीतून कपडे काढून कपाटात लावले. बनियन, लुंगी, टॉवेल. तिचे हात सराईतपणे चालत होते. निघायची वेळ झाली तेव्हा ती खाटेपासून चार हातांवर थांबली.

"येते मी," ती म्हणाली.

पापा उठले. ती नकळत एक पाऊल मागे सरली. ते तिथेच थांबले आणि त्यांनी कमरेतून किंचित वाकून निरोप दिला.

"जा बाई घरी," ते म्हणाले. "बिनघोर जा. तो आता तुम्हाला हात लावणार नाही."

"बरं, साहेब," आई म्हणाली.

गाडी टेकडी उतरू लागली. कोबिना गाडी चालवत होता, डोळे सुजलेले. मग पुढे बसलेले काका मागे न वळताच म्हणाले, "वहिनी, मला का नाही सांगितलंत? दर रविवारी येत होतो मी. एक शब्द टाकला असतात."

"टाकला असता," आई म्हणाली. "मग तुम्ही काय केलं असतंत, भावोजी? घराण्याची बैठक बोलावली असतीत. त्यांना बोलावून विचारलं असतंत, क्वेकू, तू बायकोला मारतोस? ते नाही म्हणाले असते. त्यात ते खोटं बोलले नसते. मग मीच खोटी ठरले असते."

काकांच्या गल्लीपाशी गाडी थांबली तेव्हा ते उतरले, दार लावलं, पुन्हा उघडलं आणि आत वाकले. "मी उद्या येतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे. त्याच्याकडे नंतर." आणि काठी टेकत निघून गेले.

घरी आल्यावर आई परसात गेली. कोबिना अज्वाला फोन लावून व्हरांड्यात बसला. अराबा तांदूळ काढायला स्वयंपाकघरामागच्या कोठीत शिरली. सुरण, कांदे, मीठ ठेवायची ती जागा. दिवा लावला तर जमिनीवर चटई होती. उशी होती. उशीपाशी आईचं बायबल, पाण्याची बाटली, झाकणाचा डबा. दाराला आतून नवी कोरी कडी होती, तिच्याभोवतीचं लाकूड अजून पांढरं होतं. स्क्रू वाकडे बसले होते. ते कुठल्या सुताराने बसवले नव्हते.

अराबा खाली बसली. मग आडवी झाली. पाय लांब करायला जागा नव्हती, ते दाराला लागत होते. डोक्याशी सुरणाची माती होती आणि भिंतीच्या पलीकडेच पापांची खाट होती. तिथे कुणी कूस बदलली तरी इथे ऐकू आलं असतं. ती छताकडे बघत पडून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

बाहेर परसात बादली ठेवल्याचा आवाज झाला. पावलं स्वयंपाकघरात आली आणि कोठीच्या दाराशी थांबली.

"अराबा," आई म्हणाली, "बाहेर ये. तिथे फार उकडतं."